पातेऱ्यातला नवरंग

नवरंग या पक्ष्याविषयी लिहिणाऱ्यांचे लक्ष प्रथम त्याच्या रंगांकडे जाते आणि बहुधा तिथेच थांबते. हिरवी पाठ, बदामी छाती, किरमिजी पोट, निळे खांदे अशी यादी एकदा सुरू झाली की ती संपेपर्यंत लेखणी हटत नाही, आणि यादी संपली की या पक्ष्याविषयी सांगण्यासारखे सारे सांगून झाले असे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही वाटू लागते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन वेगळे आहे. नवरंगाच्या शरीराची ठेवण, त्याचा आहार, त्याचे घरटे, त्याच्या येण्याजाण्याचे वेळापत्रक आणि काही अंशी त्याचे रंग यांची संगती लावायची असेल, तर जंगलाच्या जमिनीवर साचलेल्या सुक्या पानांच्या थराकडे, म्हणजे कोकणात ज्याला पातेरा म्हणतात त्याकडे, पाहावे लागते. हे मान्य केले की एक अडचणीचा निष्कर्षही मान्य करावा लागतो: जिथे जंगलाची मोजणी झाडांच्या माथ्यांवरून होते तिथे नवरंगाचे जंगल प्रत्यक्षात संपूनही कागदावर शिल्लक राहू शकते.

पिट्टा ब्रॅकियुरा हे या पक्ष्याचे शास्त्रीय नाव. लांबी १५ ते १९ सेंटिमीटर आणि वजन ४७ ते ६६ ग्रॅम, म्हणजे आकारमानाने तो बुलबुलाच्या जवळपास भरतो. परंतु बुलबुल जिथे लांबट आणि भरदार शेपटीचा, तिथे नवरंग आखूड, गुबगुबीत, उंच पायांचा आणि जवळजवळ बिनशेपटीचा दिसतो. माथ्याच्या मध्यावरून एक काळा पट्टा मानेकडे जातो, त्याच्या दोन्ही अंगांना बदामी पट्टे असतात, डोळ्यांवरून दुसरा रुंद काळा पट्टा जातो आणि त्याच्या वरच्या कडेने भुवईसारखी बारीक पांढरी रेघ ओढलेली असते. गळा पांढरा, छाती आणि कुशी बदामी, पोटाचा मागचा भाग आणि शेपटीखालची पिसे किरमिजी, पाठ हिरवी, खांद्यांवर आणि शेपटीच्या मुळाशी चकाकता निळा, आणि पंखांच्या मोठ्या पिसांत एक पांढरा डाग, जो पक्षी बसलेला असताना झाकलेला राहतो. नर आणि मादी यांच्या रंगांत भेद नसतो. पिल्ले मात्र बरीच मळकट असतात.

या वर्णनातील रंगांची नावे बाजूला ठेवून त्यांच्या जागा पाहिल्या तर एक व्यवस्था लक्षात येते. वरून किंवा मागून पाहणाऱ्याला दिसतो तो बहुतांशी हिरवा आणि काळसर भाग. भडक किरमिजी रंग पोटाखाली आहे, निळ्याचा एक भाग मिटलेल्या पंखांमागे अर्धवट दडलेला आहे आणि पांढरा डाग तर पंख उघडल्याशिवाय दिसतच नाही. धोक्याची चाहूल लागताच भक्षकाकडे पाठ करून स्तब्ध राहण्याची सवय पिट्टा पक्ष्यांच्या कुलातील अनेक जातींत नोंदली गेली आहे, आणि तिचा अर्थ या मांडणीच्या संदर्भातच उलगडतो. नवरंगाचे रंग सतत मिरवण्यासाठी नाहीत, तर ते दाखवायचे की झाकायचे हे ठरवण्याची मुभा पक्ष्याला आहे, आणि ही मुभा जमिनीवर वावरणाऱ्या, चटकन उंच उडून न जाणाऱ्या प्राण्याला विशेष मोलाची आहे.

रंग कशाने उत्पन्न होतो हाही येथे अप्रस्तुत नसलेला प्रश्न आहे. पिसांतील काळा आणि तपकिरी रंग मेलॅनीन या रंगद्रव्यामुळे येतो. रंगद्रव्य म्हणजे प्रकाशातील काही रंग शोषून उरलेले परत पाठवणारा पदार्थ. निळ्याची गोष्ट निराळी आहे, कारण पक्ष्यांच्या पिसांत निळे रंगद्रव्य जवळजवळ आढळतच नाही. पिसे ज्या केराटीन या प्रथिनाची बनलेली असतात त्याच्या आत हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांची स्पंजासारखी रचना असते, पोकळ्यांमधील अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुल्य असते, आणि त्यामुळे विखुरलेल्या किरणांपैकी निळे किरण एकमेकांना बळकटी देऊन बाहेर पडतात. अशा रंगाला संरचनाजन्य रंग म्हणतात. आकाश ज्या कारणाने निळे दिसते त्याच कारणाने पिसेही निळी दिसतात अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. रिचर्ड प्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दक्षिण अमेरिकेतील कोटिंगा पक्ष्याच्या पिसांचा अभ्यास करून दाखवून दिले की या पोकळ्यांची मांडणी विस्कळीत नसून तिला एक सुसूत्रता असते आणि रंग त्या सुसूत्रतेतून जन्मतो.

परंतु पिसाने रंग परत पाठवावा यासाठी तो रंग मुळात तिथवर पोहोचलेल्या प्रकाशात असावा लागतो, आणि दाट जंगलाच्या तळाशी पोहोचणारा प्रकाश हा उघड्या मैदानावरचा पांढरा प्रकाश नसतो. जॉन एंडलर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जंगलातील प्रकाशाचे प्रकार वेगळे केले: पानांच्या अखंड छत्राखाली हिरवट प्रकाश, छत्रातील लहान फटीतून थेट उतरणाऱ्या उन्हाच्या कवडशात पिवळसर-तांबूस प्रकाश, विरळ झाडीच्या सावलीत निळसर प्रकाश आणि सूर्य क्षितिजालगत असताना जांभळट प्रकाश. या वर्गीकरणाच्या आधारे नवरंगाकडे पाहिले तर त्याची हिरवी पाठ छत्राखालच्या हिरवट उजेडात मिसळून जाते, पोटाचा किरमिजी रंग कवडशात आल्याशिवाय पेटत नाही, आणि जांभळट उजेडाच्या वेळा, म्हणजे पहाट आणि संध्याकाळ, याच नेमक्या या पक्ष्याच्या आवाजाच्या वेळा आहेत. यातील शेवटची जुळणी कार्यकारणाची आहे असा आग्रह धरण्याचे कारण नाही; पहाटे आणि संध्याकाळी हवा शांत असते आणि आवाज दूर जातो, हे स्पष्टीकरणही पुरेसे सशक्त आहे. मात्र लख्ख उजेडात घेतलेल्या छायाचित्रावरून नवरंगाच्या रंगांविषयी मत बनवणे हे त्याचे आयुष्य ज्या उजेडात जाते तो वगळून मत बनवण्यासारखे आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

नवरंग दिसतो त्याहून कितीतरी अधिक वेळा ऐकू येतो. त्याची साद दोन सुरांची असते: पहिला सूर स्वच्छ, चढत जाणाऱ्या शिटीसारखा, दुसरा खाली उतरणारा, क्वचित त्यांना तिसराही सूर जोडला जातो. साद घालताना पक्षी जमीन सोडून फांदीवर येतो, डोके मागे टाकतो आणि चोच आकाशाकडे करतो. एकाने साद घातली की शेजारच्या हद्दीतला दुसरा उत्तर देतो आणि असे तीन-चार पक्षी आळीपाळीने रान जागे ठेवतात. विणीच्या हंगामाबाहेर, दक्षिणेत हिवाळा काढताना, तो पहाटे आणि तिन्हीसांजेला मोजक्याच वेळा बोलतो, पण इतक्या नेमाने की तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी या अर्थाचे नाव पडले आहे. सिंहली लोकांनी त्याच सादेत एक तक्रार ऐकली आहे. मोराने आपला पोशाख चोरला असे तो सांगत फिरतो, अशी कथा श्रीलंकेत प्रचलित आहे. महाराष्ट्रात मात्र अलीकडे या सादेचा एक दुरुपयोग फैलावला आहे: ध्वनिमुद्रित साद वाजवायची, आपल्या हद्दीत परका नर आला असे समजून खरा पक्षी उघड्यावर आला की छायाचित्र टिपायचे. घरटे बांधण्याच्या आणि पिल्ले भरवण्याच्या दिवसांत पक्ष्याला अशा खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे वारंवार धावायला लावणे ही पक्षीप्रेमाची रीत म्हणता येणार नाही.

या सादेच्या साधेपणामागे शरीररचनेचे कारण आहे आणि त्याच कारणाने नवरंगाला महाराष्ट्राच्या पक्ष्यांत एक एकाकी स्थान मिळाले आहे. पक्ष्यांचा आवाज माणसाप्रमाणे घशातील स्वरयंत्रातून निघत नाही. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे विभागली जाते तिथे असलेल्या शब्दिनी नावाच्या इंद्रियातून तो निघतो. फांदी पकडून बसण्यास योग्य पायांच्या पक्ष्यांचा पॅसेरिफॉर्मीस हा जगातील सर्वांत मोठा गण, आणि त्याचे दोन प्रमुख उपगण शब्दिनीच्या स्नायूंच्या रचनेवरून वेगळे काढले जातात. कोतवाल, दयाळ, बुलबुल, चिमणी, कावळा हे सारे पहिल्या, म्हणजे गायक उपगणातले. त्यांची शब्दिनी गुंतागुंतीची असते आणि पिल्लांना गाणे प्रौढांकडून ऐकून शिकावे लागते. दुसऱ्या उपगणातील पक्ष्यांची शब्दिनी साधी असते आणि त्यांपैकी बहुतेकांची साद शिकवल्यावाचून, जन्मजात येते. अमेरिका खंडातील माशीमार पक्ष्यांवर झालेल्या प्रयोगांत, ज्या पिल्लांना प्रौढाचा आवाज कधीच ऐकू दिला नव्हता तीही मोठेपणी आपल्या जातीचीच साद घालू लागली, असे दिसून आले. शब्दिनीच्या रचनेवरून पक्ष्यांची अशी विभागणी करण्याचा पाया जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८४७ साली घातला. या दुसऱ्या उपगणाच्या हजाराहून अधिक जाती आज मध्य आणि दक्षिण अमेरिकेत नांदतात. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला त्यातील मोजकीच कुले आली आहेत. महाराष्ट्राच्या जंगलात विणीला येणाऱ्या, फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांच्या मेळ्यात नवरंग हा त्या दुसऱ्या शाखेचा एकटा प्रतिनिधी आहे.

ही गोष्ट प्रारंभीच्या वर्गीकरणकारांना कळण्याचा मार्ग नव्हता. लिनियस याने १७६६ साली नवरंगाला कावळ्यांच्या प्रजातीत घातले. वाळवलेली कातडी आणि दुसऱ्यांनी काढलेली चित्रे एवढ्याच साधनांवर काम करणाऱ्याकडून असे होणे स्वाभाविक होते. १८१६ साली व्हिएयो या फ्रेंच पक्षिविदाने त्याच्यासाठी पिट्टा ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली आणि तिला लहान पक्षी या अर्थाचा तेलुगू शब्द दिला. आफ्रिकेपासून सॉलोमन बेटांपर्यंत आणि जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या या कुलाच्या बहुसंख्य जाती आग्नेय आशियात आहेत. भारतात नवरंगाखेरीज ईशान्येच्या डोंगरांत आणि निकोबारमध्ये काही जाती आढळतात, तर एक जात सुंदरबन आणि भितरकणिका येथील खारफुटीत राहते. परंतु मध्य आणि पश्चिम भारताच्या जंगलांपुरते बोलायचे तर हे सारे कुल एकट्या नवरंगात सामावलेले आहे.

आता जमिनीकडे वळता येईल. नवरंगाचे पाय लांब आणि बळकट असतात, आणि तो चालत नाही तर उड्या मारत पुढे सरकतो. दोन-चार उड्या, मग पूर्ण स्तब्धता, मान किंचित तिरकी, आखूड शेपटीची संथ वरखाली हालचाल, आणि मग चोचीने एखादे पान उलटून बाजूला फेकणे, अशी त्याच्या चरण्याची लय असते. पानाखाली सापडणारे भुंगेरे, अळ्या, वाळवी, गोम, गोगलगाई आणि गांडुळे हे त्याचे अन्न. याच कुलातील परी पिट्टा हा जपान, कोरिया आणि तैवानमध्ये विणीला येणारा पक्षी नवरंगाचा जवळचा आप्त आहे, आणि त्याच्या घरट्यांवर झालेल्या अभ्यासांत पिल्लांना भरवलेल्या अन्नात गांडुळांचाच वाटा सर्वांत मोठा आढळला आहे. ऑस्ट्रेलियातील एक जात गोगलगाईचे कवच ठरावीक दगडावर आपटून फोडते, आणि अशा दगडांभोवती फुटक्या शंखांचा सडा पडलेला असतो. जातीजातींत तपशील बदलतो, पण कुलाचा धंदा तोच राहतो: पानांच्या थराखालचे ओलसर जग उकरून पोट भरणे.

हे ओलसर जग सह्याद्रीच्या पानझडी जंगलात बाराही महिने उपलब्ध नसते, आणि नवरंगाच्या वर्षाचे सारे गणित या एका गोष्टीभोवती बांधलेले आहे. माघ-फाल्गुनात साग, ऐन, किंजळ, नाणा या झाडांची पाने गळतात. चैत्र-वैशाखात ती करकरीत वाळतात आणि त्यांच्याखालची जमीन तडकते, तेव्हा गांडुळे खोल गेलेली असतात आणि बहुतेक कीटक अंडी किंवा कोष यांच्या रूपात थांबलेले असतात. पहिल्या दोन-तीन पावसांनी हा थर भिजला की बुरशी आणि जिवाणू पाने कुजवू लागतात, त्यांच्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी वाढतात, गांडुळे वर येतात, आणि पंधरवड्यापूर्वी निर्जीव भासणारी जमीन अन्नाने भरून जाते. नवरंग मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि जूनमध्ये येतो तो याच घडीला. येऊरच्या, कर्नाळ्याच्या किंवा फणसाडच्या रानात त्याची साद आणि पहिला जोरदार पाऊस यांत फार दिवसांचे अंतर नसते. विदर्भात ताडोबा, नागझिरा, मेळघाट येथेही तो पावसाच्या तोंडावर येऊन बोलू लागतो. पाऊस तो घेऊन येतो असे म्हणणे काव्यात चालेल, पण तो येतो पावसाने पातेऱ्यात निर्माण केलेल्या अन्नासाठी, आणि पातेरा नसेल तर नुसत्या पावसाचा त्याला उपयोग नाही.

घरट्यासाठीही तोच माल वापरला जातो. सुकी पाने, गवताच्या काड्या आणि मुळे यांचे, एका बाजूला गोल दार ठेवलेले, फुटबॉलएवढे गोलसर घरटे जमिनीवर किंवा कमी उंचीच्या फांद्यांच्या बेचक्यात बांधले जाते, आणि पाहणाऱ्याला ते झाडीत अडकून राहिलेल्या पाचोळ्याच्या ढिगाहून वेगळे वाटत नाही. त्यात चार-पाच अंडी असतात, चकचकीत पांढरी, जवळजवळ गोल, त्यांच्यावर गर्द तांबड्या-जांभळ्या रंगाचे ठिपके. अंडी उबवणे आणि पिल्ले भरवणे ही कामे नर आणि मादी दोघेही करतात. घरटे इतके खाली असल्यामुळे साप, मुंगूस, भटकी कुत्री आणि मांजरे यांचे भय सतत असते. उत्तर ऑस्ट्रेलियातील एक पिट्टा तर आपल्या घरट्याच्या दाराशी वॉलबीची, म्हणजे लहान कांगारूची, लेंडी आणून ठेवते, आणि घरट्याचा वास झाकण्यासाठी हे केले जात असावे असा अभ्यासकांचा तर्क आहे. नवरंगाकडे असा उपाय नाही. त्याची भिस्त घरटे पाचोळ्यासारखे दिसण्यावरच आहे, आणि ज्या जमिनीवर पाचोळाच नाही तिथे ते कशासारखे दिसणार हे सांगायला नको.

पाऊस ओसरला की नवरंग निघतो. पाकिस्तानातील मारगल्ला टेकड्यांपासून नेपाळपर्यंतचा हिमालयाचा पायथा, मध्य भारतातील डोंगर आणि कर्नाटकापर्यंतचा सह्याद्री हा त्याचा विणीचा प्रदेश. भारतीय द्वीपकल्पाचा दक्षिण भाग आणि श्रीलंका हा हिवाळ्याचा प्रदेश. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दक्षिणेकडे आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा उत्तरेकडे असा त्याचा प्रवास असतो, आणि श्रीलंकेला जाणाऱ्यांना पाल्कच्या सामुद्रधुनीवरचे किंवा मन्नारच्या आखातावरचे पाणी ओलांडावे लागते. स्थलांतरासाठी तो उपखंडाबाहेर जातच नाही. ज्या काळात जंगलाचा तळ उत्तरेत आणि मध्य भारतात कोरडा पडत जातो, त्याच काळात ईशान्य मोसमी पाऊस तमिळनाडू आणि श्रीलंकेची जमीन भिजवतो. म्हणजे नवरंगाची ये-जा ही एका ओल्या पातेऱ्याकडून दुसऱ्या ओल्या पातेऱ्याकडे होणारी ये-जा आहे. सैबेरियाहून येणाऱ्या बदकांच्या आणि करकोच्यांच्या स्थलांतराला जी प्रसिद्धी मिळते तिच्या शेजारी हा देशांतर्गत प्रवास किरकोळ भासतो. परंतु दोन वेगवेगळ्या मोसमी पावसांना एकाच आयुष्यात सांधणारा इतका लहान वनपक्षी जगाच्या दुसऱ्या एखाद्या भागात असता तर त्याच्यावर ग्रंथ निर्माण झाले असते.

हा प्रवास रात्री होतो, आणि जमिनीवर दिवस काढणाऱ्या, एरवी फार उंच न उडणाऱ्या या पक्ष्याला तो झेपतोच असे नाही. थकलेले नवरंग घरांच्या व्हरांड्यात, शाळांच्या आवारात, कधी खोलीतच येऊन पडतात, आणि शहरातील वृत्तपत्रांत त्यांची छायाचित्रे दुर्मीळ पक्षी सापडला या मथळ्याखाली छापली जातात. रात्री उजळलेल्या इमारती आणि काचेच्या भिंती ही या कुलाच्या साऱ्याच स्थलांतरी जातींपुढची नवी संकटे आहेत. सिंगापूरमध्ये इमारतींवर आदळून मरणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांत निळ्या पंखांच्या पिट्टाचे प्रमाण ठळक आढळले आहे. असा थकलेला नवरंग हाती लागल्यास त्याला पिंजऱ्यात ठेवून दाणे किंवा भात देण्यात अर्थ नसतो, कारण तो दाणे खाणारा पक्षी नाही; हवेशीर खोक्यात, अंधारात, शांतपणे काही तास ठेवून संध्याकाळी झाडीजवळ सोडणे, आणि जखम असल्यास वनविभागाला कळवणे, हाच योग्य मार्ग.

येथवर आलेल्या विवेचनाचा कोकणातील शेतीशी थेट संबंध आहे. रायगड-ठाण्याकडे राब आणि दक्षिणेकडे भाजावळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत, भाताचा तरवा (रोपवाटिका) पेरण्यापूर्वी त्या जागेवर शेण, पातेरा, झाडांच्या तोडलेल्या टहाळ्या आणि गवत यांचे थर पसरून ते जाळले जातात; तणाचे बी मरते आणि राखेने जमीन कसदार होते. १८८० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या सरकारने जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे राबाचा हक्क हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या प्रमुख गाऱ्हाण्यांपैकी एक होता. वनखात्याला राब म्हणजे जंगलाची नासाडी वाटत होती, शेतकऱ्याला तो जगण्याचा आधार होता. नवरंगाच्या बाजूने विचार करताना राबाला दोषी ठरवण्याची घाई करू नये. गावाजवळच्या डोंगरावरचा पातेरा पिढ्यान्‌पिढ्या उचलला जात होता आणि नवरंगही पिढ्यान्‌पिढ्या येत होता, कारण डोक्यावरून वाहून आणायचा भारा दूरच्या घळीतून आणणे कोणाला परवडत नसे. ओहोळांचे काठ, करवंदीच्या आणि बांबूच्या जाळ्या, उतारावरचे दाट रान यांतला थर जागच्या जागी राहत असे.

आजची जमीन निराळ्या कारणांनी उघडी पडते. दर उन्हाळ्यात लावले जाणारे वणवे पावसाच्या तोंडावर तो सारा थर राख करून टाकतात, आणि त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत पोहोचणाऱ्या पक्ष्याला काळवंडलेली जमीन मिळते. काजू आणि आंबा यांच्या नव्या बागांत झाडांखालचे रान वर्षातून एकदा-दोनदा साफ केले जाते, तणनाशक फवारले जाते, आणि बाग स्वच्छ असणे हे मालकाच्या मेहनतीचे लक्षण मानले जाते. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला डोंगर साफ करून रबराची लागवड झाली आहे. अशा जमिनीवर झाडे आहेत, सावली आहे, हिरवाई आहे. फक्त नवरंगाला लागणारा जमिनीचा थर नाही.

या बदलाची सरकारी मोजणीत नोंद का होत नाही, याचे उत्तर मोजणीच्या व्याख्येत आहे. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाच्या प्रतिमांवरून देशाच्या वनाच्छादनाचा अहवाल १९८७ पासून प्रसिद्ध करीत आली आहे. तिच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर झाडांच्या माथ्यांचे छत्र १० टक्क्यांहून अधिक असेल तर ते वनाच्छादन, मग ती जमीन कोणाच्याही मालकीची असो आणि झाडे कोणतीही असोत; फळबागा, बांबू आणि माड-पोफळीही त्यात येतात. उपग्रहातून झाडाखालची जमीन दिसत नाही, आणि वरून मोजायचे तर अशीच काही व्याख्या करावी लागते, हे मान्य करायला हवे. दोष आहे तो हा आकडा जंगलाच्या प्रकृतीचा आकडा म्हणून वाचण्यात. एका घळीतले मिश्र रान तोडून तिथे दहा वर्षांनी रबराचे छत्र जुळून आले, तर नकाशावर तो ठिपका हिरव्याचा हिरवाच राहतो, आणि दरम्यान त्या घळीत विणीला येणाऱ्या नवरंगांच्या जोड्यांचे काय झाले हे कोणत्याच तक्त्यात येत नाही.

हे भय अतिशयोक्तीचे नाही, कारण याच कुलातील एका जातीचे असे झालेले आहे. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांना महाराष्ट्रात राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, संस्थापकांपैकी एक म्हणून ओळखले जाते, हे त्या काळातील भारतीय पक्षिशास्त्राचे सर्वांत उद्योगी संघटकही होते. त्यांच्यासाठी पक्षी गोळा करणाऱ्या विल्यम डेव्हिसन यांना ब्रह्मदेशाच्या दक्षिण टोकाला एक पिट्टा सापडला, आणि १८७५ साली ह्यूम यांनी आपल्या स्ट्रे फेदर्स या नियतकालिकातून त्याचे वर्णन करून त्याला जॉन हेन्री गर्नी यांचे नाव दिले. निळा माथा आणि काळ्या-पिवळ्या रंगांचा हा पक्षी मूळचा थायलंड आणि ब्रह्मदेशाच्या सखल जंगलांतलाच, आणि सखल सपाट जमीन हीच रबर आणि तेलताड यांच्या लागवडीला सर्वांत सोयीची. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो कित्येक वर्षे कोणाला दिसला नाही. १९८६ साली फिलिप राउंड आणि उथाई त्रिसुकोन यांनी दक्षिण थायलंडमध्ये त्याला पुन्हा शोधून काढले, आणि २००३ साली ब्रह्मदेशातही तो असल्याचे आढळले. मधल्या काळात त्याच्या प्रदेशातली झाडांची सावली नाहीशी झाली नव्हती. तिच्याखालचे जंगल गेले होते. नवरंगाची गणना आज धोक्यातील पक्ष्यांत होत नाही आणि त्याचा प्रदेश गर्नीच्या पिट्टाच्या तुलनेत अफाट विस्तृत आहे, त्यामुळे त्याचे भवितव्यही तेच आहे असे कोणी म्हणू नये. पण तळकोकणातील सखल रानांपुरता विचार केला तर कारणांचे साम्य डोळ्यांआड करण्यासारखे नाही.

कोकणातील देवरायांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. ज्या राईतून वाळलेली काटकीही उचलायची नाही असा गावाचा दंडक होता, तिथे शेकडो वर्षांचा पानांचा थर कुजत आणि साचत राहिला, आणि चोहीकडचे डोंगर उघडे पडल्यावर जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यांना हे लहान तुकडे आसरा देत आले. अलीकडे मंदिरांच्या जीर्णोद्धाराबरोबर राईचे सुशोभीकरण हाती घेतले जाते, पेव्हर ब्लॉकच्या वाटा होतात, आवार झाडून लखलखीत ठेवले जाते. झाड एकही तोडले जात नाही, त्यामुळे कोणाला काही गमावल्यासारखे वाटत नाही. स्वच्छतेची ही कल्पना घराच्या अंगणाला योग्य आहे. राईत ती कोठे थांबवायची हे ठरवण्याचा अधिकार गावकऱ्यांचाच आहे, आणि मंदिराभोवतीची जागा झाडून उरलेल्या राईत खराटा जाणार नाही एवढा ठराव ग्रामसभेला एका बैठकीत करता येतो.

मोजणीची अडचणही न सुटण्याजोगी नाही. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू होण्यापूर्वी, जंगलात, बागेत आणि राईत ठरावीक अंतरावर उभी पट्टी धरून पातेऱ्याची जाडी नोंदवणे, आणि जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्याच जागी पहाटे अर्धा तास थांबून साद घालणारे नवरंग मोजणे, हे काम जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या जीवशास्त्र विभागाच्या आवाक्यातले आहे. नवरंगाची साद दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याच्या सादेशी घोटाळा होण्यासारखी नाही आणि दोन सकाळींत ती ओळखता येऊ लागते, म्हणून त्यासाठी तज्ज्ञांची फौज लागत नाही. अशा नोंदी पाच-सात वर्षे सलग, त्याच जागी आणि त्याच पद्धतीने झाल्या, तर वनाच्छादनाच्या आकड्याशेजारी जमिनीचा एक आकडा ठेवता येईल, आणि काजूच्या बागेत झाडांच्या ओळींमध्ये किती रुंदीचे रान राखले असता नवरंग विणीला टिकतो, हा बागायतदाराला खरोखर उपयोगी पडणारा प्रश्न अंदाजावर न सोडता तपासून पाहता येईल.